टायमिंग चेन नवी टाकली, तरी आवाज परत आला: जुन्या स्प्लेंडरची तपासणी

"मागच्याच दिवाळीत चेन टाकली होती की!" महिन्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. गाडी बहुतेक वेळा दुधाची. दोन्ही बाजूंना किटल्या लावलेली, हँडलला रबराची दोरी गुंडाळलेली, आणि इंजिनाच्या डाव्या अंगाने खर्रर्र असा आवाज. आमच्या फलटण–बारामती पट्ट्यात अशा जुन्या हिरो होंडा अजून शेकड्याने पळतात. सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. दोन्हींचं इंजिन एकाच घराण्यातलं: आडवा सिलिंडर, ९७.२ सीसी, ५० मिलिमीटरचा बोअर आणि ४९.५ मिलिमीटरचा स्ट्रोक. वाल्व उघडणारा कॅम वर हेडमध्ये, आणि त्याला फिरवणारी बारीक टायमिंग चेन डाव्या बाजूला, क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावर बसलेल्या मॅग्नेटच्या मागून जाते.

हे इंजिन उघडून बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. नवी चेन टाकूनही आवाज परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष चेनच्या सोबत्यांचा असतो. रोलर जुना, टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्याचं रबर झिजलेलं, नाहीतर ऑइल काळं पडलेलं. म्हणून खाली क्रम दिलाय तो खिशाला सोसेल असा, फुकटच्या तपासणीपासून मॅग्नेट काढण्यापर्यंत. वरच्या पायऱ्या गाळून थेट चेनवर उडी मारू नका. तसं करणाऱ्यांच्याच गाड्या दुसऱ्यांदा माझ्याकडे येतात.

लक्षणं आधी

चेनचा आवाज टिकटिक असा नेमका ठोक्याचा नसतो. तो खरखरता, थोडा विस्कळीत, वाळूत साखळी ओढल्यासारखा असतो आणि डाव्या बाजूने येतो. गाडी न्यूट्रलला ठेवून थोडी रेस द्या आणि एकदम सोडा. रेस खाली येताना आवाज वाढला, तर संशय चेनवर. सकाळी पहिल्या किकला दोन-चार सेकंद खरखर करून गप्प होत असेल, तर टेन्शनरच्या दांड्यातलं ऑइल रात्रभरात उतरतंय. गरम झाल्यावर वाढत असेल, तर ऑइल पातळ झालंय किंवा झीज बरीच पुढे गेली आहे.

दुसरं लक्षण ओढीचं. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि तिच्याभोवतीचं बुश केसभर झिजतं. अशा ऐंशीच्या वर कड्यांची झीज एकत्र झाली की चेन मिलिमीटर-दोन मिलिमीटरने लांब होते. मग कॅम क्रँकच्या मागे पडतो आणि वाल्व उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. गाडी चढाला दम खाते, ॲव्हरेज हळूहळू उतरतं, आणि मालक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतो.

तिसरा प्रकार चेन बदलल्यानंतरचा. किक उलटी मारते, कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, किकला नेहमीची कॉम्प्रेशनची अडण लागत नाही. इथे चेन नवी असते, पण ती कॅमच्या चाकावर एक दात चुकून बसलेली असते.

आणि हे चेनचं नव्हे, हेही ओळखा. हेडच्या वरच्या बाजूने येणारी नेमकी टिकटिक टॅपेटची, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट वाढल्याची. थंड इंजिनाला ठकठक आणि गरम झाल्यावर शांत, असं असेल तर पिस्टन-बोअर. ओझ्यावर, चढावर, खालून येणारा जड डगडग असा ठोका असेल, तर कनेक्टिंग रॉड किंवा क्रँक. तो ऐकू आला तर पुढचं काहीच करू नका, गाडी बंद करा आणि ढकलत न्या.

फुकटची तपासणी: ऑइल आणि कान

गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, थोडा वेळ थांबा. डिपस्टिक पुसून आत सोडा, पण आटे फिरवून बसवू नका, नुसती टेकवा. फिरवून पाहिलं की काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ही चूक मी रोज बघतो.

टायमिंग चेनच्या बाबतीत ऑइल एवढं का महत्त्वाचं? या इंजिनाचा टेन्शनर नुसत्या स्प्रिंगवर चालत नाही. दांडा पोकळ आहे, त्यात ऑइल भरतं आणि त्या ऑइलच्या गादीमुळे चेनचा झटका शोषला जातो. ऑइल कमी असेल किंवा पाण्यासारखं पातळ झालं असेल, तर दांडा स्प्रिंगवर नाचतो आणि चेन वाजते. सीडी १०० च्या जाहिरातीत 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' असं म्हटलं होतं. लोकांनी ते पेट्रोलऐवजी ऑइलला लावलं.

काळं ऑइल असेल तर आधी ते बदला. ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच, बहुतेक मॉडेलना १० डब्ल्यू ३०. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल घालू नका. जाड ऑइल सकाळी वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं. जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरून बघा. किंचित चकाकी चालेल. लोखंडाचे तुकडे, ॲल्युमिनियमचे पत्रे किंवा काळ्या रबराचे कण दिसले, तर पुढची तपासणी टाळता येणार नाही. रबराचा कण म्हणजे टेन्शनरच्या दांड्याचं डोकं नाहीतर रोलर झिजतोय.

आता कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. आधी हेडच्या डाव्या गोल झाकणावर, मग सिलिंडरच्या डाव्या बाजूला, मग मॅग्नेट कव्हरवर, शेवटी उजवीकडे क्लचच्या कव्हरवर. आवाज सगळ्यात मोठा कुठे, ते लिहून ठेवा. चेन कव्हर, सायलेन्सरचा गार्ड, फूटरेस्टचे बोल्ट, लेग गार्ड हे हाताने दाबून बघा. एका गाडीची 'टायमिंग चेन' मी सायलेन्सर गार्डचा एक स्क्रू आवळून दुरुस्त केली आहे. मालकाने चहा पाजला, पण त्याचा विश्वास काही बसला नव्हता.

थोड्या मेहनतीची: टॅपेट

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. हेडवरच्या टॅपेटच्या दोन टोप्या काढा, प्लग काढा. मॅग्नेट कव्हरला बघायची झाकणं असतील तर ती काढा, नसतील तर कव्हरच काढा. मॅग्नेटचा नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. डावीकडून बघताना हे इंजिन त्याच दिशेने चालतं. मॅग्नेटवर दोन खुणा आहेत, 'टी' आणि 'एफ'. 'टी' म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. 'एफ' म्हणजे ठिणगी पडण्याची जागा, ती पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी येते. आपल्याला 'टी' हवी.

'टी' खूण केसवरच्या खाचेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित खेळले की कॉम्प्रेशनचा टप्पा मिळाला. एखादा घट्ट असेल तर अजून एक पूर्ण फेरा द्या. 'टी' प्रत्येक फेऱ्याला येते, पण दोन्ही वाल्व मिटलेले एका फेऱ्याआड सापडतात.

वाल्व आणि रॉकरमधली फट मोजायला या जुन्या मॉडेलना मी ०.०५ मिलिमीटरची फिलर गेजची पात वापरतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. पात किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पात घाला.

ही तपासणी चेनच्या आधी का? गॅप जास्त असेल तर तो आवाज चेनच्या नावावर खपतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चेन वाजत असताना बरेच जण टॅपेट घट्ट करून आवाज दाबायला बघतात. चेनचा आवाज त्याने जात नाही. वाल्व मात्र पूर्ण मिटत नाही, त्याची कड जळते, आणि सकाळी किक मारून पाय दुखायला लागतो. टोप्यांच्या ओ-रिंग कडक झाल्या असतील तर नव्या घाला, नाहीतर ऑइल सगळ्या हेडवर उतरेल.

कमी खर्चाची: टेन्शनरचा दांडा

इथेच निम्म्या गाड्या सुटतात. आणि याच ठिकाणी लोक थेट चेनवर उडी मारतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "चेन जरा टाईट करून द्या." या इंजिनाला बाहेरून टाईट करायचा स्क्रूच नाही. इंजिनाच्या पोटाला, डाव्या बाजूला, ऑइल काढायच्या बोल्टच्या शेजारी एक वेगळा बोल्ट आहे. त्याच्या आत स्प्रिंग आणि तिच्यावर दांडा. दांडा वरच्या लिव्हरला ढकलतो, लिव्हरवरचा रोलर चेन ताणून धरतो. दांड्याच्या माथ्यावर रबराची टोपी आहे आणि आत ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा वाल्व.

ऑइल आधी काढून घ्या. खाली भांडं ठेवा, कारण बोल्ट सुटताच स्प्रिंग दांड्यासह खाली येते. मग तीन गोष्टी बघा. रबरी माथा: चपटा झालाय, खड्डा पडलाय की गायबच आहे? स्प्रिंग: नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची बघा, जुनी बुटकी दिसली तर टाकून द्या. दांडा: बाजूला उभ्या चरा पडल्यात का? चरा असतील तर ऑइलची गादी टिकत नाही. दांडा स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून अंगठ्याने दाबा. तो थोडा विरोध करत हळू दबला पाहिजे. फुसकन दबला तर आतला वाल्व गेला.

नवा दांडा, नवी स्प्रिंग, बोल्टखालचा नवा वॉशर. दांडा बसवण्याआधी ऑइलमध्ये चार-पाच वेळा दाबून भरून घ्या, म्हणजे पहिल्या किकला कोरडा नाचणार नाही. बोल्ट आवळताना हात आवरा. केस ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की हे स्वस्त काम लेथवाल्याच्या दारात जातं.

एक जुगाड सर्रास चालतो, तो करू नका. स्प्रिंगखाली वॉशर किंवा नाणं घालतात, नाहीतर स्प्रिंग ओढून लांब करतात. आवाज त्याच दिवशी बंद होतो, गिऱ्हाईक खूश. दोन-तीन महिन्यांत रोलरचं रबर सोलून निघतं, चेन घुंई करायला लागते, आणि रबराचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. मी उघडलेल्या अशाच एका गाडीत स्प्रिंगखाली एक रुपयाचं नाणं होतं. मालक म्हणाला, "ते तुमच्याकडेच ठेवा, आहेर समजा."

दांडा बदलून दोन-तीन दिवस गाडी चालवा. आवाज गेला तर इथेच थांबा. तात्पुरता कमी होऊन परत आला, तर चेन आणि रोलर झिजलेत.

मोठं काम: चेन, रोलर, कॅमचं चाक

हे काम हेड-बोअर न उघडता होतं. पण त्यासाठी त्याच मॉडेलचा मॅग्नेट पुलर, मॅग्नेट धरायचा होल्डर आणि एक निवांत दिवस लागतो. पुलर नसेल तर सुरूच करू नका. मॅग्नेटवर हातोडी घातली की चुंबकाला तडा जातो, क्रँकचे आटे बसतात, आणि क्रँक सरळ राहिली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. सेल्फच्या मॉडेलमध्ये मॅग्नेटच्या मागे सेल्फची यंत्रणाही असते, म्हणजे उघडायला आणखी एक थर. पहिल्यांदा करत असाल तर किकवाल्या गाडीवर हात बसवा.

सुटे भाग घेताना चेनसोबत लिव्हरचा रोलर, सिलिंडरमधला गाईड रोलर, टेन्शनरचा दांडा-स्प्रिंग आणि कॅमचं चाक एकदमच घ्या. जुन्या चाकाचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असतात. त्यावर नवी चेन चढवली की ती जुन्या दातांच्या मापाने झिजत जाते. दिवाळीत टाकलेली चेन गुढीपाडव्याला वाजते ती याच कारणाने. चेन दुकानातच जुन्या चेनशेजारी धरून कड्या मोजा. पाकिटावर मॉडेलचं नाव बरोबर आणि आत चेन दोन कड्यांनी मोठी, असं माझ्या बाबतीत झालंय. नव्या चेनला जोडकडी नको, अखंड चेनच हवी.

उघडण्याआधी हेडच्या डावीकडचं गोल झाकण काढा. मॅग्नेट 'टी' वर आणा आणि कॅमच्या चाकावरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे का बघा. नसेल तर एक पूर्ण फेरा देऊन परत बघा. मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो तुम्हाला दोन गोष्टी सांगेल: आधीच्या माणसाने टायमिंग बरोबर बसवलं होतं का, आणि चेन किती झिजली आहे. खूण खाचेपासून थोडीच हटलेली असेल तर झीज. पूर्ण दाताने हटली असेल तर चूक.

कॅमच्या चाकाचे बोल्ट मॅग्नेट जागेवर असतानाच सैल करा, कारण क्रँक धरायला तेव्हाच सोपं जातं. त्याआधी चाकाच्या खाली चेनच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा. हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. सुरुवातीच्या काळात रात्री साडेनऊला माझ्या बोटातून एक बोल्ट सुटला आणि टिण्‌ टिण्‌ करत आत गेला. तारेच्या टोकाला लोहचुंबकाचा तुकडा बांधून तो बाहेर काढायला अकरा वाजले. बोल्ट सापडला नसता तर सगळं इंजिन खोलावं लागलं असतं. सापडत नसेल तर 'पडला असेल बाहेर कुठे' म्हणून किक मारू नका.

चाक काढलं की चेनला तार बांधून वर अडकवा. खालून टेन्शनरचा दांडा काढा. मग नट, पुलर, मॅग्नेट. क्रँकवरची अर्धचंद्राची चावी पडते ती डबीत ठेवा. मागची प्लेट सोडवा. तिची ओ-रिंग आणि ऑइल सील नवीन घालायचं, जुनं गळतंच. सिलिंडरच्या बाजूचा गाईड रोलरचा बोल्ट काढला की रोलर सुटतो आणि जुनी चेन बाहेर येते.

आता क्रँकवरचं छोटं दात्यांचं चाक बोटाने नीट चाचपा. त्याचे दात धारदार किंवा वळलेले असतील तर थांबा. ते क्रँकवर दाबून बसवलेलं असतं, काढताना आणि बसवताना कोन चुकला तर पुढचं टायमिंग कधीच जुळत नाही. ते क्रँकचं काम करणाऱ्याकडे न्या. याच वेळी क्रँकचं टोक हाताने वर-खाली हलवा. जाणवेल असा खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, चेनवर पैसे घालून उपयोग नाही.

कॅमचं टायमिंग

सगळं उलट क्रमाने चढवा. चावी खाचेत नीट बसली आहे हे बघूनच मॅग्नेट घाला. टेन्शनरचा दांडा मात्र अजून बाहेरच.

मॅग्नेट 'टी' वर. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक दूधवाला तिसऱ्यांदा गाडी घेऊन आला होता. दोन ठिकाणी चेन बसवून घेतलेली, पण किक उलटी मारायची, एकदा तर टाचेला सूज आली. कव्हर काढलं तर सगळं नवं, सगळं घट्ट. फक्त कॅम बसवताना बसवणाऱ्याने 'एफ' खाचेसमोर ठेवली होती. जुन्या मॅग्नेटवर गंज आणि ऑइलचा थर असतो, दोन्ही खुणा जवळजवळ असतात, आणि आधी जी दिसली ती धरली जाते. पेट्रोलच्या फडक्याने पुसा, खडूने 'टी' रंगवा.

खूणच खोटी असू शकते. चावी अर्धी तुटून मॅग्नेट सरकला असेल तर 'टी' भलतीकडेच दिसेल. त्याची परीक्षा सोपी आहे. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची स्ट्रॉ हलकेच सोडा आणि मॅग्नेट हळू फिरवा. स्ट्रॉ सगळ्यात बाहेर येते तिथे 'टी' खाचेजवळ असली पाहिजे. लोखंडी तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तो अडकतो किंवा पिस्टनला खरचटतो.

मग चेन चाकावर चढवा, चाक कॅमवर बसवा, गोल खूण हेडच्या खाचेसमोर. एक दात इकडे-तिकडे झाला तर काय होतं? या चाकाला तीसेक दात असतात. एक दात म्हणजे कॅमवर दहा-बारा अंश, आणि क्रँक कॅमच्या दुप्पट फिरते म्हणून क्रँकच्या हिशोबाने वीस-पंचवीस अंश. गाडी चालू होईलही, पण ओढणार नाही. 'साधारण समोर आहे' हे इथे चालत नाही. खूण दोन दातांच्या मध्ये दिसत असेल तर एक दात पुढे आणि एक दात मागे, दोन्हीकडे लावून बघा, तिन्हींत जी जागा नेमकी जुळते ती तुमची.

एक भीती मात्र काढून टाका. चाक १८० अंश उलटं, म्हणजे गोल खूण खाचेच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसली, म्हणून टायमिंग चुकलं असं नाही. मॅग्नेट एक पूर्ण फेरा फिरवा, खूण जागेवर येईल. या गाड्यांना ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, त्यामुळे इंजिनाला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो टॅपेटला, कारण भलत्या फेऱ्यावर टॅपेट लावले तर ते चुकीचे बसतात.

बोल्ट आवळा, पोकळीतलं फडकं काढा (विसरलेलं फडकं चेनमध्ये गुंडाळलेलं मी पाहिलंय), दांडा-स्प्रिंग ऑइल भरून खालून बसवा. मग प्लग न लावता मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि 'टी' वर थांबा. 'टी' पुढे गेली तर मागे आणू नका, आणखी दोन फेरे देऊन परत या. मागे फिरवलं की चेनचं ढिलेपण दुसऱ्या बाजूला जातं आणि खूण खोटी दिसते. दोन फेऱ्यांनंतरही दोन्ही खुणा आपापल्या खाचेसमोर असतील तर टायमिंग बसलं.

फिरवताना कुठे टणक अडलं, तर जोर लावू नका. वाल्व पिस्टनला टेकत असू शकतो. मागे या, झाकण काढा, खुणा परत बघा.

इथे हात बांधून घ्या

चेन चालत्या गाडीत तुटली असेल, तर नवी चढवून लगेच किक मारू नका. वाल्व वाकला आहे की नाही हे हेड न काढता खात्रीने कळत नाही, म्हणून ते काम मेकॅनिककडे. टायमिंग खुणांवर नेमकं, टॅपेट बरोबर, तरी किकला कॉम्प्रेशन लागत नसेल, तेव्हाही तसंच. हेडमधल्या किंवा केसच्या बोल्टचे आटे गेले असतील, तर लेथवाल्याकडून नवे बुश बसवून घ्या, टेफ्लॉन टेपने भागवू नका. दोन फेऱ्यांनंतर खूण दर वेळी वेगळ्याच जागी येत असेल, तर क्रँकवरचं छोटं चाक सरकतंय. त्याला घरगुती इलाज नाही.

चालू केल्यावर

ऑइल भरलंय ना, हे किक मारण्याआधी बघा. हसू नका, काम संपल्याच्या आनंदात हे विसरलेले मला माहीत आहेत. पहिली दोन-तीन मिनिटं रेस देऊ नका. सुरुवातीची किंचित खरखर दांड्यात ऑइल भरलं की जाते. डावीकडच्या गोल झाकणातून आणि खालच्या बोल्टमधून गळतंय का बघा.

नव्या रोलरचं रबर पहिल्या काही दिवसांत बसतं. म्हणून पाचशे किलोमीटरवर ऑइल बदला आणि टॅपेट परत तपासा, तेही सकाळी थंड इंजिनाला. दुधाची गाडी असेल तर अजून एक सांगतो. भरलेल्या किटल्या घेऊन टॉप गिअरमध्ये तीसच्या खाली गाडी घुसमटवू नका, खालचा गिअर टाका. त्या झटक्यांनी चेन सगळ्यात जास्त मार खाते.

त्या टाचेला सूज आलेल्या दूधवाल्याला मी हेच सांगितलं होतं. परवा चिलिंग सेंटरच्या रांगेत दिसला, गाडी बंद न करताच उभा होता. पुढे जाऊन मी डाव्या बाजूला कान दिला. सायलेन्सरच्या फुटफुटीखेरीज काही ऐकू आलं नाही.